सार्क देशांचा आपसातला व्यापार इतका कमी का? आशियानला जमतं ते आपल्याला का जमत नाही?

तुम्ही विचारलंय की सार्क देशांचा, म्हणजे भारत आणि शेजारच्या सात देशांचा, आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के आहे, आशियानचा, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाचा, वीस-पंचवीस टक्के आहे, तर याला भारत-पाकिस्तानचं भांडण कारणीभूत आहे का?

भांडण आहेच. २०१४ च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषद झालेली नाही, २०१६ ची इस्लामाबादची रद्द झाली. पण बांगलादेशाशी आपलं २०२० साली कुठलं भांडण होतं? चांगले संबंध होते. तरी माझे दोन ट्रक घोजाडांग्याला, पश्चिम बंगालमधल्या सीमेवरच्या नाक्यावर, अडकले आणि कांदा सडला. म्हणून लिहायला बसलोय.

मी निफाड तालुक्यातला. लिलावात कांदा घ्यायचा, खळ्यावर निवडायचा, गोणीत भरायचा आणि बांगलादेशाला पाठवायचा, हा आमचा धंदा. बांगलादेश हे तेव्हा आपल्या कांद्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. त्याच वर्षी टाळेबंदीत रस्ते बंद होते तेव्हा लासलगावहून पलीकडच्या दर्शना स्टेशनापर्यंत कांद्याच्या मालगाड्या गेल्या होत्या. दोन्ही सरकारांनी मनावर घेतलं की काय होतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

सप्टेंबरात भाव चढले. मी क्विंटलला सत्तावीसशेच्या आसपास पाचशे क्विंटल उन्हाळ कांदा घेतला, दोन गाड्या भरल्या. सीमेपलीकडच्या सातखिऱ्याच्या व्यापाऱ्यानं एलसी, म्हणजे पैशाची बँकेची हमी, उघडलेली, कागद पूर्ण. पाचव्या दिवशी गाड्या घोजाडांग्याच्या पार्किंगला लागल्या आणि १४ सप्टेंबरला, सोमवारी संध्याकाळी, निर्यातबंदीचा आदेश निघाला. निघाला तो लगेच लागू. वाटेत असलेल्या मालाचं काय, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

एप्रिलपासून कांदाचाळीत राहिलेला कांदा, त्यावर ताडपत्री, बाहेर बंगालचा पाऊस. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, खालून पाणी गळायला लागलंय." पाणी गळायला लागलं म्हणजे काय ते कांदेवाल्याला सांगावं लागत नाही. चारेक दिवसांनी सवलत आली, पण फक्त आदेशाआधी कस्टमच्या ताब्यात गेलेल्या मालाला. माझ्या गाड्या रांगेत होत्या, ताब्यात नव्हत्या. ज्यांचा माल पलीकडे गेला त्यांच्यातलाही बराच कुजलेला निघाला. मी अलीकडच्या बशीरहाटला माल उतरवला, गोण्या फोडून माणसं लावून निवडला आणि मिळेल त्या भावानं विकला. साडेतेरा लाखांची खरेदी, भाडं वेगळं. हातात आले पावणेसहा लाख.

सातखिऱ्याचा माणूस चिडला नाही, हे मला जास्त लागलं. तो एवढंच म्हणाला, "दादा, पिछले साल भी यही हुआ था." खरं होतं ते. २९ सप्टेंबर २०१९ ला अशीच रातोरात बंदी आली होती. ढाक्यात कांदा किलोला दोनशे टाकांच्या वर गेला, विमानानं आणावा लागला. त्याच ऑक्टोबरात शेख हसीना दिल्लीत जाहीरपणे बोलल्या, की मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय, आणि तुम्ही आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. एका देशाच्या पंतप्रधान एवढंच मागत होत्या: आधी कळवा. पुढच्या वर्षी आपण पुन्हा तेच केलं.

१ जानेवारी २०२१ ला बंदी उठली. पण माझं गिऱ्हाईक तोवर तुर्कस्तान आणि पाकिस्तानचा कांदा घ्यायला शिकलं होतं. तुर्कस्तानचा कांदा पाणचट लागतो, तो स्वतःच सांगायचा. तरी घ्यायचा, कारण तो बोटीत चढला की पोचतो. आणि बांगलादेशानं स्वतःच्या शेतकऱ्यांना उन्हाळी कांद्यासाठी बियाणं वाटायला सुरुवात केली. कोणतं? एन-५३. आमच्याच नाशिकचं वाण.

आता तुमचा प्रश्न. साफ्टा, म्हणजे सार्क देशांमधला मुक्त व्यापाराचा करार, २००६ पासून लागू आहे. २०११ पासून आपण बांगलादेशासारख्या अल्पविकसित शेजाऱ्यांच्या मालावर दारू-तंबाखूसारख्या पंचवीस बाबी सोडून आयातशुल्कच ठेवलेलं नाही. कागदावर याहून उदार काय असणार? पण साफ्टाचा सगळा जोर आयातशुल्क कमी करण्यावर. विकणाऱ्यानं एका संध्याकाळी दार लावलं तर घेणाऱ्यानं काय करायचं, हा प्रश्न तसाच राहतो. शेजाऱ्याचा माल स्वस्त असून भागत नाही, तो येणार याची खात्री लागते. माझ्या मते पाकिस्तानपेक्षा हे मोठं कारण आहे.

आमचे दाजी पुण्यात असतात. त्या दिवाळीत जेवताना म्हणाले, "आपल्या लोकांना महाग कांदा खायला लावून बांगलादेशाला कशाला पोसायचं?" मी तेव्हा गप्प बसलो, ताई वाढत होती. पण दाजी, आम्ही कोणाला पोसत नव्हतो, विकत होतो. आणि पोसण्याची गोष्ट असेल तर मालदीव पाहा. १९८१ च्या करारानुसार मालदीवला दर वर्षी गरजेच्या वस्तूंचा कोटा ठरवून मिळतो. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी चालू असतानाच, एप्रिल २०२४ मध्ये, त्यांना वर्षाचा ३५,७४९ टन कांदा मंजूर झाला. आणि तेव्हा तर त्यांच्याशी आपले संबंध ताणलेले होते. बांगलादेशानंही पुढे असा वार्षिक कोटा मागितला. लेखी कोटा आणि वाटेतल्या मालाला सूट, एवढं २०२० मध्ये असतं तर माझ्या गाड्या पलीकडे गेल्या असत्या.

बांगलादेश निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. त्यांचा कांदा निघाला की तेही आपला बंद करतात, आणि संत्र्यावर वाढवत नेलेल्या शुल्कानं वरुड-मोर्शीचे बागायतदार रडकुंडीला आले. शहरातल्या हातावर पोट असलेल्या माणसाला महाग कांदा परवडत नाही, हेही मला मान्य आहे. त्याच्यासाठी सरकारनं बाजारभावानं खरेदी करून स्वस्तात विकावा, आमची तक्रार नाही. आशियानबद्दल मात्र माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, तिकडे मी कधी एक गोणीही पाठवलेली नाही.

सातखिऱ्याचा फोन अजून येतो. पूर्वी तो आधी भाव विचारायचा. आता आधी विचारतो, "दादा, बंद तो नहीं होगा ना?" मी त्याला एका वेळी एकच गाडी पाठवतो.