तवा ते ताट : डायनरच्या पदार्थांविषयी वाचकांचे प्रश्न

हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये अमेरिकन डायनरचे (काउंटरवर बसून खायच्या साध्या अमेरिकन खाणावळीचे) जुने पदार्थ पुन्हा आणायचे, तर नेमकी अडचण कुठे येते? या विषयावर आलेल्या पत्रांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी ओहायोमधल्या एका हॉटेलात सकाळच्या पाळीला स्वयंपाकघरात असतो. नव्या मेनूवर हॅश ब्राउन्स (किसलेल्या बटाट्याचा तव्यावर खरपूस भाजलेला थर) आले आहेत. बटाटे कच्चे किसून लगेच तव्यावर टाकतो, तर वरून काळपट आणि आतून चिकट होतात. खोलीवर पाठवलेली प्लेट तर हमखास परत येते.

मूळ दोष कच्च्या किसाचा आहे. किसताना मोकळा झालेला स्टार्च खळीसारखा चिकटतो, हवा लागून कीस काळवंडतो, आणि बटाट्यातलं पाणी उडेपर्यंत तव्यालगतचा थर 100 अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. तोवर बटाटा वाफेवर शिजत राहतो, भाजला जात नाही.

रसेट जातीचे (पिठूळ) बटाटे आदल्या दिवशी सालासकट उकडा. 200 ग्रॅमच्या बटाट्याला मंद उकळीत सुमारे 25 मिनिटं लागतात. सळई मध्यभागी जराशी अडली पाहिजे. गार झाले की रात्रभर फ्रिजमध्ये उघडे ठेवा. थंडीत शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, त्यामुळे सकाळी जाड किसणीवर किसताना धागे सुटे पडतात. कच्चे बटाटे मात्र फ्रिजमध्ये साठवू नका. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ते आत शिजण्याआधीच बाहेरून करपतात.

तवा 180 ते 190 अंशांवर हवा. एका प्लेटला 160 ग्रॅम कीस आणि एक मोठा चमचा कढवलेलं लोणी घ्या. साधं लोणी या तापमानाला जळतं, आपलं साजूक तूप उत्तम चालतं. दीड सेंटिमीटरचा थर पसरा, हलकेच दाबा आणि पाच-सहा मिनिटं हात लावू नका. उलटा, वरून मीठ घाला, आणखी चार मिनिटं. एका वेळी दहा प्लेटींचा गार कीस तव्यावर ओतलात तर तवाच थंड पडतो. निम्म्या जागेवर काम करा आणि उरलेली निम्मी तापू द्या.

खोलीवर जाणाऱ्या प्लेटचा शत्रू म्हणजे वरचं धातूचं झाकण. कोंडलेली वाफ पाच मिनिटांत खरपूस थर मऊ करते. झाकणाला भोक असू द्या. खोल्या लांब असतील तर रूम सर्व्हिसच्या मेनूवर हॅश ब्राउन्स ठेवूच नका, त्याऐवजी जाड फोडींचे होम फ्राइज द्या. आमच्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच आहे : डायनरमध्ये तवा काउंटरच्या पलीकडे दिसतो, हॉटेलात तो दोन दारं आणि एक लिफ्ट पलीकडे असतो. डायनरचा वंश 1872 साली वॉल्टर स्कॉटने प्रॉव्हिडन्समध्ये चालवलेल्या घोडागाडीपर्यंत नेला जातो. तिथे खिडकीतून हातात खाणं मिळायचं, मध्ये वेळ जायला जागाच नव्हती. हे पदार्थ जिवंत करायचे तर पाककृतीच्या आधी तव्याची जागा ठरवा.

प्रश्न : लुइव्हिलच्या हॉटेलमधलं हॉट ब्राउन आम्ही घरी केलं. सॉस रवाळ झाला आणि खालचा पाव लगदा झाला.

हॉट ब्राउन हे केंटकीतल्या ब्राउन हॉटेलचं, आचारी फ्रेड श्मिट यांनी 1926 मध्ये बनवलेलं. रात्री उशिरा नाचून थकलेल्या पाहुण्यांना नेहमीच्या अंडी-हॅमऐवजी काही वेगळं द्यावं म्हणून त्यांनी टर्कीचं हे उघडं सँडविच काढलं. डायनरमधल्या ग्रेव्ही घातलेल्या गरम टर्की सँडविचच्या हे अगदी जवळचं आहे.

दोघांसाठी 55 ग्रॅम लोण्यात 55 ग्रॅम मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता, रंग येऊ देऊ नका. 240 मिली क्रीम आणि 240 मिली दूध थोडं थोडं घालत फेटा, उकळी आली की दोन-तीन मिनिटं शिजवा. आता भांडं आचेवरून खाली उतरवा आणि दोन मिनिटं थांबून मगच अर्धा कप अगदी बारीक किसलेलं पेकोरिनो रोमानो (इटालियन कडक चीज) आणि चिमूटभर जायफळ घाला. तुमचा सॉस बहुधा उकळत्या अवस्थेत चीज टाकल्याने रवाळ झाला : जास्त उष्णतेने चीजमधली प्रथिनं आवळतात आणि चरबी सुटते. तो परत आचेवर ठेवून सुधारत नाही.

पाव अडीच सेंटिमीटर जाड घ्या आणि दोन्ही बाजूंनी कोरडा होईपर्यंत भाजा. त्यावर टर्कीचे गरम काप, टोमॅटोच्या फोडी, वर सॉस. ब्रॉइलरखाली (ओव्हनच्या वरच्या आचेखाली) सॉसवर तपकिरी ठिपके येईपर्यंतच ठेवा. बेकन वेगळा कुरकुरीत करून शेवटी वर ठेवा, सोबत पॅप्रिका आणि पार्स्ली. टर्की गार असेल तर ती गरम होईपर्यंत सॉस पावात मुरतो. लगदा त्यामुळेच होतो.

प्रश्न : न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो, घरात सगळे शाकाहारी. हॉटेलच्या डायनर मेनूवर आमच्यासाठी काय सुरक्षित?

‘शाकाहारी आहे का?’ असं विचारून भागत नाही, वेटर मांसाचे तुकडे नाहीत एवढंच पाहून होकार देतो. कोणती चरबी, कोणता तवा, कोणता तळणीचा घाणा हे विचारा. न्यू जर्सीच्या डिस्को फ्राइजवर चीजसोबत तपकिरी ग्रेव्ही असते आणि ती बहुधा बीफच्या रसाची. होम फ्राइज पुष्कळदा बेकनच्याच तव्यावर होतात. पायच्या पारीत डुकराची चरबी असू शकते, बेक्ड बीन्समध्ये पोर्क. फ्राइज चिकनबरोबर एकाच तेलात तळलेले असू शकतात. ग्रिल्ड चीज वेगळ्या पॅनमध्ये, लोण्यात करून मागा. कठोर शाकाहारी असाल तर चीजमधल्या रेनेटचीही (दूध साकळवायला वापरलेल्या, बहुधा वासराच्या पोटातून काढलेल्या द्रव्याची) चौकशी हवी. अंडं चालत नसेल तर पॅनकेक आणि बहुतेक केक बाद.

प्रश्न : पुण्यात ताक घालून पॅनकेक करते. पहिली खेप फुगते, तासाभराने केलेले चपटे होतात.

अमेरिकेतलं बटरमिल्क दाट असतं, आपलं ताक पातळ. 360 ग्रॅम दही 120 मिली दुधात घुसळा. 250 ग्रॅम मैद्याला दोन लहान चमचे बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ, दोन मोठे चमचे साखर, दोन अंडी आणि 50 ग्रॅम वितळलेलं लोणी. गुठळ्या राहू द्या. जास्त फेटलं की चिवट होतात. सोड्याचा वायू आंबटाशी भेटताच सुटू लागतो आणि तासाभरात बराचसा निघून जातो. हॉटेलात पहाटे पाचला केलेलं पीठ नऊच्या पाहुण्याला वापरलं तर हेच होतं. कोरडं आणि ओलं वेगळं ठेवा, अर्ध्या तासाला लागेल तेवढंच एकत्र करा. दर पॅनकेकला 60 मिली पीठ. कडेचे बुडबुडे फुटून भोकं उघडी राहिली की उलटा.