ल्युपस आणि पुण्यातला उन्हाळा

अगं, ल्युपसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या आजाराचं, निदान झालं आणि उन्हाने तो उफाळू शकतो, म्हणून एप्रिल-मे घरात कोंडून घ्यायला नको. फक्त वेळा बदलायच्या. तळजाईला जायचं तर ऊन चढायच्या आत घरी परत. सारसबाग, तुळशीबाग दिवेलागणीनंतर. सकाळी १० ते दुपारी ४ बाहेरची कामं ठेवूच नकोस.

पुण्यात एक बरं आहे, तोंडाला स्कार्फ आणि हातात लांब मोजे घालून स्कूटीवर निघालीस तरी कुणी वळून बघत नाही. पण झिरझिरीत ओढणी उपयोगाची नाही. कापड उजेडाकडे धरून बघ. आरपार दिसलं तर ऊनही आरपार जातं. घामाने भिजलं की आणखीच. त्याखाली एसपीएफ ५० चं, यूव्हीए (उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण) सुद्धा अडवणारं सनस्क्रीन हवंच, कान-मानेसकट, आणि बाहेर असशील तर दर २ तासांनी पुन्हा.

ऑफिसात खिडकीशी बसतेस का? साध्या काचेतून यूव्हीए आत येतात. हे कुणी सांगतच नाही!

त्रास त्याच दिवशी दिसेल असं नाही. पुरळ काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही उठतं. म्हणून कधी किती ऊन लागलं ते मोबाइलमध्ये टिपून ठेव. बरं वाटतंय म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपसची गोळी मनाने बंद करायची नाही, आणि तिच्यामुळे करावी लागणारी डोळ्यांची तपासणी चुकवायची नाही. ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचार.

बाकी आंबा खा, रात्री मस्तानी प्यायला जा. स्टेरॉइड चालू असेल तर साखरेकडे तेवढं लक्ष ठेव. आणि लॉनवरचं भर दुपारचं लग्न असेल तर सरळ संध्याकाळच्या रिसेप्शनला जा. मावश्या रुसतील, रुसू देत.