अॅलर्जी असलेल्या मुलाला मॉन्टू टेस्ट चालते का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा चार वर्षांचा, धुळीची अॅलर्जी, हातापायांवर एक्झिमा (खाजरे चट्टे), रोज सेट्रिझिन हे अॅलर्जीचं औषध चालू. आजींना टीबी निघाला म्हणून डॉक्टरांनी मॉन्टू, म्हणजे टीबीचे जंतू शरीरात शिरलेत का ते बघायला हातावर टोचायची टेस्ट, सांगितली आणि तुम्हाला ती अॅलर्जीमुळे खोटी पॉझिटिव्ह येईल अशी धास्ती आहे.

बालरोग ओपीडीत ही टेस्ट टोचणं आणि वाचणं हेच माझं काम, त्यामुळे सांगते: टेस्ट बिनधास्त करा, सेट्रिझिनही बंद करू नका. ती बंद करावी लागते अॅलर्जीच्या प्रिक टेस्टला, कारण तिथे हिस्टामिनमुळे पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते. मॉन्टूत पेशी दोन-तीन दिवसांत जमतात आणि कातडी आतून घट्ट होते. हे काम वेगळंच. टोचल्या टोचल्या हात लाल झाला तरी तो निकाल नव्हे. तोंडावाटे स्टिरॉइड चालू असेल किंवा नुकतंच दिलं असेल, तर मात्र आधी सांगा, त्याने टेस्ट दबते. दम्याच्या पंपाने सहसा फरक पडत नाही.

एक्झिमा असलेली जागा सोडून स्वच्छ कातडीवर टोचायला सांगा. खाजलं तर ओला फडका ठेवा, मलम नको.

आता वाचण्याचं. ४८ ते ७२ तासांत मुलाला घेऊन या. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून भागत नाही, कारण लाली मोजायचीच नसते. मी बॉलपेनने बाहेरून गाठीकडे रेघ ओढत नेते, पेन अडलं की थांबते, मग दुसऱ्या बाजूने तसंच. मधलं अंतर हाताला आडवं मोजायचं. आपल्याकडे १० मिमी किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. त्याचा अर्थ जंतू शरीरात शिरलेत. आजार आहे का ते एक्स-रे आणि तपासणीवरून ठरतं.

निगेटिव्ह आली तरी निश्चिंत होऊ नका. पाच वर्षांखालचं मूल टीबीच्या पेशंटसोबत राहत असेल, तर आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध देतात, टेस्ट काहीही येवो. ते नक्की विचारा.

पूर्वी याच टेस्टने फोड किंवा जखम झाली असेल, तर मात्र पुन्हा टोचायची नाही. आणि या वयात एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचा) डोस असतो. त्यानेही टेस्ट दबू शकते, म्हणून तो नुकताच झाला असेल तर चार आठवडे थांबावं लागेल, तेव्हा लसीकरणाचं कार्ड सोबत आणा.