विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास: निरीक्षण बोअर कुठे आणि कसे घ्यावेत

प्रश्न (कळमेश्वर तालुका, जि. नागपूर): आमच्या विहिरीपासून सव्वाशे मीटरवर पेट्रोल पंप आहे. एप्रिलपासून पाण्यावर तवंग दिसतो, वासही येतो. चार एकर संत्रा आहे, आंबिया बहाराची फळं झाडावर आहेत. शेजारी 200 फूट बोअर मारून पाणी तपासावं का? तोवर बागेला हे पाणी चालेल का?

उत्तर: 200 फुटी बोअर आत्ता अजिबात मारू नका. डिझेल-पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलाच्या वरच्या अंगाला तरंगत पसरतं. त्या थरातून आरपार बोअर गेला की इंधनाला खालच्या चांगल्या पाण्यात उतरायला आयती वाट मिळते. आणि खोलवरचा नमुना स्वच्छ आला, तरी वर काय साचलंय ते त्यावरून कळत नाही.

पहिल्यांदा तवंगाची खात्री करा. बादलीत पाणी घेऊन काडीने तवंग मोडा. पापुद्र्यासारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर तो बहुधा लोहजिवाणूंचा; लगेच पुन्हा जुळून आला तर तेलाचा. स्वतःचं डिझेल इंजिन, काठावर सांडलेलं ऑइल हेही नीट पाहून घ्या. विहिरीत मात्र कुणीही उतरू नये, काठावर विडी-काडी नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच साठते.

मग पाणी कुठून कुठे वाहतंय ते काढा. याला खर्च नाही. आसपासच्या तीन विहिरींचा उपसा रात्रभर बंद ठेवा, सकाळी काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तिन्ही काठांच्या उंचीतला फरक घ्या. समजा तुमचा काठ 100.00 मीटर धरला, पाणी 8.20 मीटरवर, म्हणजे पातळी 91.80. पंपाकडच्या विहिरीचा काठ 100.60, पाणी 8.50 मीटरवर, म्हणजे पातळी 92.10. तिकडची पातळी 30 सेंटिमीटर उंच, म्हणजे ओढ तुमच्याकडे. तिसऱ्या विहिरीवरून नेमकी दिशा ठरते. आपल्याकडे काळ्या बेसाल्टमध्ये पाणी सांध्या-भेगांतून धावतं, म्हणून ही दिशा अंदाजच समजा.

किमान तीन निरीक्षण बोअर, म्हणजे फक्त तपासणीसाठीचे उथळ बोअर, लागतात: एक पंपाच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाणी येतं तिकडे, तुलनेसाठी, एक तुमच्या धुऱ्यावर (बांधावर) पंपाच्या बाजूने, एक धुरा आणि विहिरीच्या मध्ये. तिन्ही एका रेषेत नकोत. पाणी मे महिन्यात 8 मीटरवर आणि ऑक्टोबरात 3 मीटरवर असेल, तर बोअर 10 मीटर पुरे. सहा इंची भोकात दोन इंची पीव्हीसी पाईप. अडीच मीटरपासून तळापर्यंत स्लॉटचा (बारीक चिरा पाडलेला), वर साधा. दोन्ही पातळ्या स्लॉटच्या आत यायलाच हव्यात, नाहीतर तरंगतं तेल पाईपात शिरणारच नाही आणि अहवाल खोटाच स्वच्छ येईल. स्लॉट अर्ध्या मिलिमीटरचे, भोवती 1 ते 2 मिलिमीटरची धुतलेली वाळू दोन मीटरपर्यंत, त्यावर 60 सेंटिमीटर बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) ओलं करून, वर सिमेंट आणि कुलपाचं झाकण.

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो: पाईप सोल्युशनने चिकटवतात. त्यातलं द्रावक पाण्यात उतरून प्रयोगशाळेत दिसतं. आट्यांचेच पाईप घ्या. हवेच्या दाबाने ठोकत खोदणाऱ्या हॅमरच्या रिगला कॉम्प्रेसरचं आणि हॅमरचं तेल असतं, तेही भोकात जातं. म्हणून माती-मुरूम ऑगरने (जमिनीत फिरवायच्या मोठ्या गिरमिटाने) काढा. खडक लागलाच तर हवेच्या लाइनला तेलाचा फिल्टर लावून घ्या.

खोदताना मातीचे नमुने वरवरचे नकोत. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, इंधन भेगांतून थेट मुरमावर जाऊन बसतं. माती-मुरमाच्या सांध्यावरची आणि पाण्याच्या पातळीलगतची माती काचेच्या बाटलीत तोंडापर्यंत दाबून भरा.

पाण्याआधी पारदर्शक बेलर (दोरीने सोडून पाणी काढायची नळी) हळूच सोडून तेलाचा थर दिसतो का पाहा. पाईपातला थर जमिनीतल्या थरापेक्षा जाड दिसतो, हे ध्यानात ठेवा. थर नसेल तर पाईपात साचलेलं पाणी तीन वेळा उपसा. दोन इंची पाईपात मीटरला साधारण 2 लिटर, म्हणजे 2 मीटर पाण्याला 12 लिटर. ते ड्रममध्ये ठेवा, शेतात ओतू नका. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या 40 मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता, बर्फात. प्लास्टिकच्या कॅनमधला नमुना वायाच. तपासणीत बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन, झायलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन मागा. पिण्याच्या पाण्यात बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. नाकाला वास येण्याआधीच ती ओलांडलेली असू शकते.

म्हणून हे पाणी माणसांना-जनावरांना आजपासून बंद. बागेलाही अहवालापर्यंत देऊ नका. तेल मातीच्या कणांवर बसलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि संत्र्याची अन्नमुळं वरच्या थरातच असतात. ठिबकचे रबरी भागही फुगतात. वरच्या अंगाच्या विहिरीचं पाणी मागून घ्या, आळ्यात गवताचं जाड आच्छादन करा. घाण पाणी काढून टाकू म्हणून मोटर सतत चालवू नका. जितका उपसा, तितकं इंधन विहिरीकडे ओढलं जातं.

तक्रार लेखी द्या: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं नागपूर कार्यालय, तहसीलदार आणि पेट्रोल पंपांना साठवणुकीचा परवाना देणारी पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना), जिचं मुख्यालय नागपुरातच आहे. नमुना पंचनाम्यासह, सीलबंद घ्या. पाऊस पडून तवंग गेला तरी दुसरा नमुना ऑक्टोबरात घ्याच. पातळी वर चढते तेव्हा तेल मुरमातच अडकून राहतं, आणि मे महिन्यात पाणी उतरलं की पुन्हा सुटतं.