चावी हातात येण्याआधी डिपॉझिट पाठवू नका

प्रश्न : नमस्कार ताई. मला जर्मनीत, स्टुटगार्टला नोकरी लागली आहे. पुढच्या महिन्यात मी एकटा जाणार, बायको आणि मुलगी नंतर येतील. इथूनच ऑनलाइन घर बघतोय. एक छान घर मिळालंय, भाडंही बाकीच्यांपेक्षा बरंच कमी. मालक सध्या दुसऱ्या देशात असतात. डिपॉझिट भरलं की चावी कुरिअरने पाठवतो म्हणतात, पासपोर्टची प्रतही मागितली आहे. बाकीचे मालक ‘शूफा’ मागतात, ती माझ्याकडे नाही. हे घर हातचं जाईल या भीतीने आजच पैसे पाठवावेसे वाटतात. काय करू?
– एक वाचक

उत्तर : पैसे पाठवू नका. अंक हातात पडेपर्यंत उशीर व्हायला नको म्हणून एवढं तुम्हाला आधीच कळवलं होतं, आता सविस्तर लिहिते.

मालक परदेशात, भाडं कमी, चावी कुरिअरने आणि पैशांची घाई. हे सगळं एकत्र आलं की मागे भाड्याचं घर नसतंच, फोटो दुसऱ्याच कुणाच्या घराचे असतात. पासपोर्टची प्रतही देऊ नका. तीच दाखवून पुढच्या माणसाचा विश्वास मिळवतात. आधी घर बघायचं, मग करारावर सह्या, आणि चावी घेताना डिपॉझिटचा पहिला हप्ता. हप्ता म्हणते, कारण कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ‘काल्टमीटे’इतकं घेता येतं (म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च सोडून नुसतं भाडं), आणि भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत भरता येतं. काल्टमीटे 900 युरो असेल तर डिपॉझिट 2700 युरोंच्या वर जाऊ शकत नाही, आणि सुरुवातीला 900 दिले तरी चालतात. नवीन माणसाला हे कुणी आपणहून सांगत नाही.

शूफा म्हणजे तुम्ही उधारी आणि बिलं वेळेवर फेडता का, याचा जर्मनीतला दाखला. तिथे पाऊलही न ठेवलेल्या माणसाकडे तो कुठून असणार? त्याऐवजी नोकरीचा करार, त्यावर पगाराचा आकडा, कंपनीचं पत्र आणि आधीच्या घरमालकाची ‘भाडं थकलेलं नाही’ अशी चिठ्ठी एकाच पीडीएफमध्ये तयार ठेवा. सोबत चार ओळी स्वतःबद्दल, शक्यतो जर्मनमध्ये. कंपनीतल्या कुणी मालकाला फोन केला तर फार फरक पडतो, निःसंकोच विचारा.

माझा सल्ला असा की पहिले दोन-तीन महिने सामानासकट मिळणारी खोली घ्या आणि तिथे राहून घर शोधा. पण खोली ठरवताना एक प्रश्न विचाराच : इथल्या पत्त्यावर ‘आनमेल्डुंग’ करता येईल ना? घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला कागद लागतो. आम्ही आलो तेव्हा हे विचारायचं राहून गेलं. खोलीवाल्याने सही द्यायला नकार दिला. नोंद नाही म्हणून टॅक्स नंबर नाही, आणि बँकेचं खातंही अडकलं. नवरा रोज ऑफिसातून येऊन विचारायचा, झालं का? शेवटी दुसरी खोली शोधली, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

पुढे कायमचं घर बघाल तेव्हा स्वयंपाकघर आहे का, हे नक्की विचारा. पुष्कळ घरं ओट्याशिवाय, सिंकशिवाय मिळतात. आमच्या स्वयंपाकघरात पहिल्या संध्याकाळी भिंतीतून आलेले पाण्याचे दोन जोड आणि छतातून लोंबणारी वायर, एवढंच होतं. दिवासुद्धा आपणच आणायचा. जुना भाडेकरू बऱ्याचदा त्याचं स्वयंपाकघर विकायला काढतो. भाव करून घ्या, पण लिहून घ्या.

चावी घेताना घराच्या स्थितीचा कागद भरतात, ‘युबरगाबेप्रोटोकोल’. तिथे घाई अजिबात नको. आमच्या बेडरूमच्या खिडकीच्या कट्ट्यावर, पडद्याआड, बोटाच्या पेराएवढा जळल्याचा डाग होता. मालकीणबाई म्हणाल्या, एवढं काय लिहायचं? मी नम्रपणे म्हटलं, लिहूया. चार वर्षांनी घर सोडताना त्याच डागाचे पैसे कापायची वेळ आली, तेव्हा त्या एका ओळीने आमचं डिपॉझिट वाचवलं. मीटरचे आकडे, चाव्या किती, सगळं लिहा आणि फोटो काढा.

एजंटने पैसे मागितले तर लक्षात ठेवा, भाड्याच्या घरात ज्याने एजंटला काम दिलं त्यानेच पैसे द्यायचे, हा नियम 2015पासून आहे. सहीआधी करार ‘मीटरफेराइन’ला, म्हणजे भाडेकरूंच्या संघटनेला, दाखवा. सदस्य व्हावं लागतं, पण ती वर्गणी सत्कारणी लागते. काही वर्षं घर सोडता येणार नाही असं कलम कुठे आहे का, हे त्यांना मुद्दाम बघायला सांगा. एरवी तुम्हाला तीन महिन्यांची नोटीस पुरते.

आणि राहायला गेलात की त्याच दिवशी टपालपेटीवर नाव लावा. तिथे इमारतीला नंबर असतो, पण आतल्या फ्लॅटला बहुधा नसतो, पोस्टमन नाव बघूनच पत्र टाकतो. नाव नसेल तर टॅक्स नंबरचं पत्रही परत जातं. बायकोचं आडनाव वेगळं असेल तर त्या यायच्या आधी तेही लावून ठेवा.