आयसीयूत नळीतून फीड (पातळ अन्न) सुरू आहे आणि शुगर 240! मग फीड बंद का करत नाहीत?

तुमच्या वडिलांना आधी मधुमेह नव्हता, फीड सुरू झाल्यावर शुगर 240 वर गेली, आणि आता इन्सुलिन कायमचं मागे लागेल का, अशी तुमची काळजी दिसते.

मी सोलापुरात आयसीयूत सिस्टर आहे. फीड बंद करायचा आग्रह धरू नका. एवढ्या आजारात शरीर ताणाची हार्मोन्स, म्हणजे कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनॅलिन सोडतं, यकृत आपणहून साखर ओतत राहतं आणि इन्सुलिनचं काही चालत नाही. स्टेरॉइड असेल तर बघायलाच नको. उपाशी ठेवूनही शुगर चढलेली राहू शकते, वर अंगातलं मांस झडतं ते वेगळंच.

शुगर 180 च्या वर टिकली की इन्सुलिन लावतात आणि बहुतेकांना 140 ते 180 मध्ये ठेवतात. "100 वर आणा ना" असं नातेवाईक नेहमी म्हणतात. तोही प्रयोग झालाय. 2009 च्या नाइस-शुगर अभ्यासात, सहा हजारांवर रुग्णांमध्ये, 81 ते 108 चं लक्ष्य ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले.

आम्हाला धास्ती असते ती शुगर उतरण्याची. शुद्धीतला माणूस घाम फुटला, थरथरलं की सांगतो. झोपेच्या औषधावर, व्हेंटिलेटरवर असलेला काय सांगणार? सीटी स्कॅनला नेलं, उलटी झाली, नळी निसटली, की फीड थांबतं. सिरिंज पंपातलं इन्सुलिन मात्र चालूच राहू शकतं. म्हणून फीड थांबलं की आधी हात पंपाकडे जातो. मग इन्सुलिन किती कमी करायचं, दहा टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) लावायचं का, हे डॉक्टर सांगतात. इन्सुलिनची ड्रिप सुरू असताना शुगर साधारण तासातासाला बघतो. बीपी पडलेलं आणि हात सुजलेले असतील तर बोटाच्या थेंबावर भरवसा नाही, धमनीतलं रक्त घेतो.

आणि एक. मंगळवेढ्याकडची मंडळी थर्मासमधून ज्वारीची आंबील आणतात. माया कळते हो, पण नळी तुंबते आणि पोटात किती गेलं याचा हिशेब लागत नाही. काही द्यायचंच असेल तर डाएटिशियनला विचारा.

आजार ओसरला, स्टेरॉइड थांबलं की बऱ्याच जणांचं इन्सुलिन सुटतं. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) केलीय का ते डॉक्टरांना विचारा. शुगर आधीपासूनच होती का, हे त्यातून कळतं. मात्र नुकतंच रक्त चढवलं असेल तर तो आकडा फसवतो.