कोल्हापूरजवळच्या साखर कारखान्यात ईडीपीमध्ये (संगणक विभागात) नोकरी मिळतेय, पण सगळं काम फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-प्रोग्रॅमिंग भाषेवर आहे. घ्यावी का?

घ्या, आणि फॉक्सप्रो दुसऱ्याचा कोड वाचता येईल इतपतच शिका. त्यावर करिअर बांधू नका. व्हिज्युअल फॉक्सप्रोची ९ ही शेवटची आवृत्ती २००४ची, आणि मायक्रोसॉफ्टने २०१५च्या जानेवारीत तिचा सपोर्टही संपवला. तरी ती टिकलीय, कारण सगळा हिशेब तिच्यातच मुरलाय. मी या भागातल्या कारखान्यांची अशी जुनी सॉफ्टवेअर सांभाळतो, त्यावरून सांगतो. ऊसबिलात काट्याचं वजन, तोडणी-वाहतूक, सोसायटीची कर्जकपात, एफआरपीचे (उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दराचे) हप्ते हे सगळं येतं, आणि दर हंगामात एखादी नवी अट कोडमध्ये घुसते. ती कागदावर कुठेच नसते. गाळप सुरू असताना याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. बदल करायचा तो पावसाळ्यात, आणि तेव्हा नेमका यंत्रांच्या दुरुस्तीचा खर्च आधी निघतो. हे नियम समजलेला माणूस पुढे कुठल्याही भाषेत कामाचा ठरतो, म्हणून नोकरी घ्या म्हणतोय.

रुजू होण्याआधी एवढं विचारा:
- डॉसचं फॉक्सप्रो की व्हिज्युअल? डॉसचं ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाही.
- सर्वात मोठी डीबीएफ फाइल (फॉक्सप्रो ज्यात डेटा ठेवतं ती) केवढी? २ जीबीला ती अडते.
- शेतकऱ्यांची नावं युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर मराठी नीट दिसणाऱ्या पद्धतीत) आहेत का? जुन्या फॉन्टमधली असतील तर नव्या सिस्टीममध्ये ‘पाटील’चं काहीतरी भलतंच होतं, आणि ते निस्तरायला तुम्हालाच बसवतील.

नवं ईआरपी (सगळे विभाग जोडणारं सॉफ्टवेअर) येतंय असं सांगितलं, तर ऑर्डर निघाली का तेही विचारा. नसेल, तर घरी पायथन किंवा जावा या भाषांचा अभ्यास सुरू ठेवा.